शांत चित्ताने ऐकून घेऊ नका

“सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला जे चार शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती.”

हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशोब नाही. वीसेक वर्षं मी वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. विषय बदलतात, शाळा बदलतात, भाषणाच्या शेवटी येणारी शायरी तेवढी थोडी नवी होते. विनंती मात्र तीच. सातवीतला मुलगा असो की पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, व्यासपीठावर चढल्यावर समाजाकडे पहिली मागणी काय, तर तुम्ही गप्प बसा. आणि आपण बसतो. परीक्षकाच्या हातातल्या कागदावर रकाने आखलेले असतात : विषयाची मांडणी, आशय, भाषा, उच्चार, हावभाव, वेळेचं भान. समोरच्याने काही विचारलं आणि वक्त्याने त्याला उत्तर दिलं, याला रकाना नसतो. कारण कुणी विचारतच नाही.

याला आपण महाराष्ट्राची वक्तृत्वपरंपरा म्हणतो आणि तिचा अभिमान बाळगतो. माझी तक्रार अशी की ही परंपरा अर्धीच आपल्यापर्यंत पोचली आहे. आपल्या पूर्वजांनी वक्तृत्वाच्या संस्था काढल्या त्या सभा चालवता यावी म्हणून. पुढे आपण सभा सोडून दिली आणि भाषण तेवढं ठेवलं.

मुंबईत 1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या विद्यालयातल्या तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग. तिथली रीत अशी की एकाने निबंध वाचायचा आणि मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. निबंध संपला की सभेचं काम सुरू. याच मंडळींनी पुढच्या वर्षी, 1849 मध्ये, मुलींच्या शाळा उघडल्या. निबंध वाचून, त्यावर वाद घालून, शेवटी वर्गणी काढून शाळा उघडणं, हा सगळा त्यांच्या लेखी एकच उद्योग होता.

1857 मध्ये वैदिक धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. बुवांची मतं कुणाला पटोत न पटोत, मिशनऱ्यांचीही कुणाला पटोत न पटोत. पण त्या वाळूवर उभं राहताना दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली होती : समोरचा उलट विचारणार. ज्याला ‘शांत चित्ताने ऐकून घ्यावे’ अशी विनंती करावीशी वाटली असती, तो तिथे आलाच नसता.

मग 1870 ची पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी उभी केलेली. हिच्या घटनेतली एक अट मला फार आवडते. सभासद व्हायचं तर किमान 50 माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. म्हणजे बोलायला उभं राहण्याआधी पन्नास दारं हिंडून यायचं, आणि उद्या त्या पन्नासांपैकी कुणीही विचारू शकतो की बाबा, तू आमच्या नावाने काय बोललास? 1876-77 च्या दुष्काळात या सभेने गावोगावहून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. तिथल्या वक्त्याला आवाज चढवण्याआधी आकडे जमवावे लागत.

याच हवेत न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुण्यात आजही ती चालते, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. ‘उत्तेजक’ हा शब्द आज फक्त खेळाडूंच्या बंदीच्या बातम्यांत भेटतो, पण तेव्हा त्याचा अर्थ साधा होता : धीर देणारं, पुढे ढकलणारं. आणि नावात ‘सभा’ही आहे, हे विसरायला नको. वक्तृत्वाला उत्तेजन द्यावं असं त्या पिढीला का वाटलं असेल? मला वाटतं, अर्ज लिहिणारा कारकून समाजाकडे होता, कीर्तन रंगवणारा हरिदासही होता. नव्हता तो ठराव मांडणारा, त्याला अनुमोदन देणारा, त्यावर उपसूचना आणणारा, आणि मतदानात हरल्यावर रुसून घरी न बसता पुढच्या सभेला येणारा माणूस. तो घडवायचा होता.

इथे कुणी असं समजू नये की मी जुन्या पुण्याची आरती ओवाळतोय. त्या सभांची दारं फार थोड्यांना उघडी होती. 1885 मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण रानड्यांकडून महात्मा फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. जे लोक माणसांना त्यांचे हक्क उघडपणे द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख. सभेच्या नियमांवर कितीही लिहा, सभेत बसायला कुणाला मिळतं हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि तो फुल्यांनी विचारला. पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये आर्य महिला समाज काढला, कारण बायकांना बोलायला जागाच नव्हती. आणि 1895 मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा समाजसुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडव मिळू नये म्हणून जे रण माजलं, ते पाहता सभेचे रीतिरिवाज शिकलेली माणसंही सभा कशी मोडतात, हे कळतं.

तरी एक गोष्ट खरी. दाराबाहेर ठेवलेल्यांनी स्वतःच्या सभा उभारल्या, तेव्हा त्यांनीही एकतर्फी बोलण्यावर भागवलं नाही. सत्यशोधकी जलसे घ्या, पुढचे आंबेडकरी जलसे घ्या. तमाशाचा साचा उचलून त्यांनी त्यात सवाल-जवाब भरले, भटजीला आणि सावकाराला प्रश्न विचारले. गाडगेबाबांचं कीर्तन तर बहुतेक प्रश्नांवरच चालायचं. बाबा विचारणार, समोरचे हजारो लोक एका आवाजात उत्तर देणार, आणि त्या उत्तरातूनच बाबा पुढचा प्रश्न काढणार. ऐकणारा तिथे श्रोता नव्हताच, तो कीर्तनाचा निम्मा भाग होता.

मग हे गेलं कुठे?

काही ध्वनिक्षेपकाने नेलं. शिवाजी पार्कवर अफाट गर्दीपुढे अत्रे गर्जत असताना हात वर करून शंका विचारणं कुणाला सुचेल? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला ती गर्जना हवीच होती. पण सगळ्या समाजाला वक्तृत्व म्हणजे ती गर्जना, असं वाटू लागलं आणि शाळेतली पोरं मूठ आपटायला शिकली. काही फिरत्या करंडकाने नेलं, कारण प्रश्नोत्तरांना गुण देणं अवघड असतं आणि हावभावांना सोपं. पण सगळ्यांत जास्त नेलं ते आपल्या कार्यक्रमपत्रिकेने. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग ‘मनोगत’ नावाचं एक न संपणारं प्रकरण. एवढं झाल्यावर प्रमुख वक्ता बोलतो, आणि तो थांबला की सूत्रसंचालक माइकवर येऊन म्हणतो, “वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत, क्षमस्व.” त्यानंतर आभारप्रदर्शन मात्र सतरा मिनिटं चालतं. मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले जातात. ज्याला काही विचारायचं होतं, तो एव्हाना चप्पल शोधत असतो.

व्याख्यानमालांवर माझा राग नाही. नाशिकला गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात उन्हाळ्याच्या संध्याकाळी शेकडो माणसं फुकट ऐकायला जमतात, हे अजून घडतं याचं मला अप्रूप आहे. तिथे विषयाला वजन असतं, पण उलट बोलायला वाव कमी.

आता दुसऱ्या टोकाला या. पुण्या-मुंबईत, विशेषतः आयटी कंपन्यांच्या इमारतींत, टोस्टमास्टर्सचे, म्हणजे आळीपाळीने भाषणाचा सराव करणाऱ्यांचे, क्लब चालतात. या चळवळीची पहिली सभा 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात, राल्फ स्मेडली यांनी भरवली. मी अशा क्लबांच्या सभांना पाहुणा म्हणून बसलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुत्सितपणाच मनात होता, हे कबूल करतो. टाळ्या जरा जास्तच वाजतात, आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवून मगच माइक सोडतो. पण तासाभराने माझा कुत्सितपणा गेला. तिथे घड्याळ खरोखर चालत होतं. नेमून दिलेलं भाषण पाच ते सात मिनिटांचं. हिरवी, पिवळी, लाल पाटी वर होते आणि लाल झाली की कंपनीचा साहेबही आटोपतं घेतो. ऐनवेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. एक जण नुसता ‘अं… अं…’ मोजत बसलेला. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक भाषणानंतर दुसरा सदस्य उभा राहून त्या भाषणावर दोन-तीन मिनिटं बोलतो, सगळ्यांसमोर आणि वक्त्याच्या तोंडावर. पुढच्या सभेत दोघांच्या जागा उलट होतात. घड्याळवाला वक्ता होतो, वक्ता घड्याळ धरतो.

आपल्याकडे संस्कृत सुभाषित आहे : शंभरांत एक शूर, हजारांत एक पंडित, दहा हजारांत एक वक्ता. ‘वक्ता दशसहस्रेषु’ हे शब्द आपण करंडकांवर कोरतो. मला त्या उरलेल्या 9,999 लोकांची काळजी वाटते. क्लबाने हे सुभाषितच मोडीत काढलं. त्याच्या लेखी वक्ता दुर्मीळ नसतो. पाळी आली की प्रत्येक जण वक्ता. वक्तृत्वोत्तेजक सभेच्या नावातला ‘सभा’ हा शब्द जर आज कुठे जिवंत असेल, तर तो कॅलिफोर्नियाहून आलेल्या, बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालणाऱ्या या बैठकांत आहे. हे लिहिताना मला फारसा आनंद होत नाही.

पण क्लबाचंही अर्धंच. तिथे परीक्षण होतं ते बोलण्याच्या ढबीचं. डोळ्यांत डोळे घालून बोललात का, सुरुवात पकड घेणारी होती का, हात खिशात का होते. तुम्ही बोललात ते खरं होतं का, हा प्रश्न सभ्यपणे बाजूला ठेवलेला असतो. राजकारण आणि धर्म बहुतेक क्लब टाळतात, मग उरतं काय? माझी पहिली नोकरी, माझी आजी, अपयशातून मी काय शिकलो. छान असतात भाषणं. पण खिडकीतून दिसणाऱ्या तुंबलेल्या चौकावर कुणी बोलत नाही, आणि त्या चौकातूनच सगळे दीड तास उशिरा घरी पोचतात.

या क्लबांचे महासंघ असतात. चार-सहा क्लबांचं क्षेत्र, क्षेत्रांचे विभाग, विभागांचा डिस्ट्रिक्ट. त्यांचे वर्धापनदिन होतात, स्मरणिका निघतात. आपल्या वक्तृत्व मंडळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकाही मी चाळल्या आहेत. दोन्हींत एकच साचा : अमुक सालच्या तीन शाखांच्या अमुक साली तीस झाल्या, अध्यक्षांची यादी, विजेत्यांची यादी, मान्यवरांसोबतचे समूहफोटो. वक्तृत्वाच्या संस्थेच्या इतिहासात एकही वाक्य सापडत नाही की तिथे कोण काय बोललं, त्यावरून कुणाचं कुणाशी वाजलं, आणि त्यातून कुणाचं मत बदललं. बँकेचा ताळेबंद यापेक्षा बोलका असतो. टोस्टमास्टर्सने स्त्रियांना अधिकृतपणे सदस्यत्व दिलं ते 1973 मध्ये, म्हणजे आर्य महिला समाजानंतर 91 वर्षांनी. अशा गोष्टी खरं तर इतिहासाच्या पहिल्या पानावर हव्यात. कोण बोलू शकत नव्हतं, आणि ते दार कुणी उघडलं?

माझ्या ओळखीतले शिक्षक या सगळ्यावर एक आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, “सर, पोर आधी उभं तर राहू दे. घरात कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत, अशा घरातली मुलगी पाठ करून का होईना, दोनशे लोकांसमोर माइक धरते. प्रश्न विचारून तिचे पाय कापायला लावू नका.” मीही पाठ करूनच उभा राहिलो होतो. भाषण काकांनी लिहून दिलं होतं आणि मधला परिच्छेद विसरल्यावर मी सरळ ‘जय हिंद’ म्हणून उतरलो होतो. पाठांतराने धीर येतो, यात वाद नाही. माझा वाद पुढचा आहे. पहिलीला दिलेला पांगुळगाडा आपण पदवीपर्यंत सोडवत नाही. वादविवाद स्पर्धांतसुद्धा हेच. एका स्पर्धेत पहिल्याच स्पर्धकाने, त्याच्याआधी कुणीही बोललेलं नसताना, “माझ्या विरोधकांनी आत्ताच या ठिकाणी प्रतिपादन केले” असं म्हणून जोरदार खंडन केलं. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. मी एकटाच हसलो आणि आयोजकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

आणि प्रश्नाने पाय कापतातच असंही नाही. एका तालुक्याच्या गावी ‘जल हेच जीवन’ या विषयावर आठवीतला एक मुलगा बोलत होता. ठरीव भाषण, मध्येच अडकला. ओठ थरथरायला लागले. मला राहवलं नाही, मी विचारलं, “तुमच्या गावात पाणी कोण सोडतं?” तो क्षणभर गोंधळला आणि मग सुटलाच. वरच्या आळीला अर्धा तास पाणी, खालच्या आळीला दीड तास. टाकी वर आहे म्हणून वरच्यांना दाब मिळत नाही, त्यांनी मोटारी लावल्या. मोटारी लावल्या म्हणून मधल्यांना मिळत नाही. पाणी सोडणारा माणूस मधल्या आळीतला, म्हणून तो भांडणाला कंटाळून चावी भावाकडे देऊन जातो. घंटा वाजली तरी पोरगा थांबेना. त्या दिवशीचं ते सर्वांत चांगलं भाषण होतं आणि त्याला शून्य गुण द्यावे लागले, कारण ते नियमात बसत नव्हतं.

हा मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर गावच्या मतदारयादीत येईल आणि कायद्याने ग्रामसभेचा सदस्य होईल. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने त्याला तो हक्क दिलेला आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यांची. शंभर माणसं! एवढी माणसं गावात लग्नाच्या हळदीलाही जमतात. तरी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून काही गावांत खरी सभा तहकुबीनंतरचीच असते : आठ-दहा माणसं, एक प्रोसिडिंग बुक आणि सह्या. महिलांची ग्रामसभा वेगळी घ्यायची तरतूद आहे, तीही पुष्कळदा सह्यांवर उरकते. ज्या तालुक्यात वर्षाला डझनभर वक्तृत्व स्पर्धा होतात, तिथले करंडकविजेते या सभेत कुठे असतात? ‘लोकशाही : काल, आज आणि उद्या’ यावर सात मिनिटं बोलणारी मुलगी ‘पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कशावर खर्च झाले’ हे विचारायला उभी राहत नाही. तिला धीर नाही असं नव्हे. ते वाक्य कसं सुरू करायचं, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. आणि मध्येच कुणी “बस खाली” म्हणालं, तर पुढे काय करायचं, हे तर मुळीच नाही. लोक शांत चित्ताने ऐकून घेतात अशा जगाची तिला सवय लावली आहे.

म्हणून मी आता परीक्षक म्हणून जायच्या आधी आयोजकांना एक अट घालतो. सातपैकी चार मिनिटं भाषण, तीन मिनिटं प्रश्न, प्रश्न परीक्षकांनी नव्हे तर समोर बसलेल्या मुलांनी विचारायचे, आणि निम्मे गुण त्या तीन मिनिटांना. चांगला प्रश्न विचारणाऱ्यालाही बक्षीस हवं. बहुतेक आयोजक दुसरा परीक्षक शोधतात. मान्य करणारे थोडे आहेत, आणि तेही आधी विचारतात, “सर, गोंधळ होणार नाही ना?” होईल की. पहिली दोन वर्षं गोंधळच होईल. सार्वजनिक सभेतही झालाच असेल. व्याख्यानमालांना माझी मागणी याहून लहान आहे : सत्कार एकच ठेवा आणि वाचलेला अर्धा तास श्रोत्यांना द्या. क्लबवाल्यांना एवढंच सांगेन, की तुमचं घड्याळ आणि तुमचं परीक्षण घेऊन महिन्यातून एकदा आपल्या प्रभागाच्या एखाद्या प्रश्नावर बसा, मराठीत बसा, आणि परीक्षण करणाऱ्याने त्या दिवशी हातवाऱ्यांऐवजी वक्त्याचे आकडे तपासावेत.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेने माझी अट निम्मी मानली. स्पर्धेत नको, म्हणाले, बक्षीस समारंभानंतर दहा मिनिटं घ्या. विषय होता ‘मोबाइल : शाप की वरदान’. पहिला आलेला मुलगा करंडक घेऊन उभा होता, त्याने मोबाइलची पार होळी केली होती. मागच्या रांगेतून, जिला काहीच मिळालं नव्हतं अशी एक मुलगी उठली आणि म्हणाली, “तू हे भाषण कुठून आणलंस?”

सभागृह हसलं. मुलगा लाल झाला, करंडक या हातातून त्या हातात केला, आणि म्हणाला, “मोबाइलवरून.” मग थांबला. “पण ते असं आहे, की…” इथून तो जे बोलायला लागला ते पाठ केलेलं नव्हतं. अडखळत होता, वाक्यं अर्धी राहत होती. ती मुलगी खाली बसली नव्हती. तिचा दुसरा प्रश्न तयार होता.

मुख्याध्यापकांनी मला लांबूनच मनगटावरचं घड्याळ दाखवलं. आभारप्रदर्शन राहिलं होतं.